इंजेक्टर बदलल्यावर इंजिन थरथरतंय? दोष शोधायचा क्रम

इंजेक्टर, म्हणजे इंजिनला इंधन फवारून देणारे भाग, बदलले, सगळं परत जोडलं, किल्ली फिरवली. गाडी चालू झाली, पण इंजिन एका लयीत चालत नाही. आयडलला (रेस न देता नुसतं चालू असताना) थरथरतंय, मधूनमधून मिस मारतंय, रेस दिली की अडखळतंय. अशा वेळी सगळ्यांचा पहिला संशय नव्या इंजेक्टरवर जातो. नवा भाग सदोष निघू शकतो, नाही असं नाही. पण माझा अनुभव असा की बऱ्याचदा दोष त्या कामात आपला हात जिथे जिथे लागला तिथेच असतो: अर्धवट बसलेला कपलर (वायरचं प्लास्टिकचं जोडटोक), कापली गेलेली ओ-रिंग (रबराची गोल सील), जोडायची राहून गेलेली व्हॅक्यूमची नळी. म्हणून तपासणी तिथून सुरू करायची आणि इंजेक्टरवर शेवटी यायचं. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. घाईघाईत प्लग बदल, सेन्सर बदल, पुन्हा इंजेक्टर काढ असं करत गेलं की मूळ दोष तिथेच राहतो आणि त्यात नव्या दोन चुकांची भर पडते.

हात लावण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. इंजेक्टर बदलण्याआधीही गाडी अशीच थरथरत होती का? तीच थरथर, तोच आवाज, तोच सिलिंडर असेल तर इंजेक्टर हे मूळ कारणच नव्हतं. कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी), प्लग, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) असा वेगळा शोध घ्यावा लागेल. आधी इंजिन ठीक होतं, किंवा आधीची तक्रार वेगळी होती, तर पुढे वाचा.

लेखाचा बराचसा भाग मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यात) इंजेक्टर असणाऱ्या साध्या पेट्रोल इंजिनबद्दल आहे, कारण घरी हे काम करणाऱ्या नवख्या माणसाच्या हाती बहुधा तेच इंजिन असतं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारी इंजिनं आणि डिझेलची कॉमन रेल यांची दुखणी वेगळी आहेत. त्यांच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

पहिली पायरी: गळती आणि वास

पुन्हा स्टार्टर मारण्याआधी बॉनेट उघडा. आग विझवायचं सिलिंडर जवळ ठेवा. किल्ली फक्त 'ऑन'वर न्या, स्टार्ट करू नका. बहुतेक गाड्यांमध्ये पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि थांबतो. किल्ली बंद करून पुन्हा ऑन करा. असं तीन-चार वेळा केलं की रेलमधली (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या सामाईक नळीतली) हवा पुढे सरकते आणि प्रेशर तयार होतं. आता टॉर्च घेऊन प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्याशी, रेलला इंजेक्टर शिरतो तिथे बघा. पांढरा टिश्यू पेपर तिथे टेकवून काढा. पेट्रोलचा ठिपका उमटला तर वरची ओ-रिंग नीट बसलेली नाही. तिथेच थांबा. गळती असताना इंजिन चालू करायचं नाही, 'फक्त एक मिनिट बघू' म्हणूनसुद्धा नाही.

स्टार्टर मारताना इंजिन मध्येच घट्ट अडकल्यासारखं झालं तर लगेच किल्ली सोडा. उघडा राहिलेला इंजेक्टर सिलिंडरमध्ये पेट्रोल भरत असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. इंजिन चालतंय पण पेट्रोलचा वास खूप येतोय, असं असेल तर डिपस्टिक काढून हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर दोष दूर झाल्यावर ऑइल बदलावंच लागेल.

गळती नाही, वास नाही, तर इंजिन चालू करा आणि एक-दोन मिनिटं थांबा. रेलमध्ये राहिलेली हवा निघेपर्यंत इंजिन थोडं अडखळतं, ते स्वाभाविक आहे. दोन मिनिटांनंतरही थरथर तशीच असेल तर ती आपोआप जाईल या आशेवर गाडी रस्त्यावर नेऊ नका. चेक लाइट उघडझाप करत असेल तर मुळीच नेऊ नका. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातंय आणि तिथला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याने तापून खराब होऊ शकतो.

दुसरी पायरी: थरथर ऐका

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) जोडण्याआधी कान वापरा. सायलेन्सरपाशी उभे राहून दोन मिनिटं ऐकलं तर अर्धं काम होतं.

ठरावीक लयीत 'धक… धक…' असा खंड पडत असेल, आयडललाही आणि रेस दिल्यावरही, तर एक सिलिंडर काम करत नाही. आयडलला खूप थरथर, पण रेस वाढवून २००० आरपीएमच्या आसपास ठेवली की इंजिन शांत होत असेल तर कुठूनतरी फालतू हवा आत येते आहे. आयडलला थ्रॉटल (हवेची वाट उघडणारी झडप) बंद असतो, इंजिन मुळात थोडीच हवा घेत असतं, म्हणून चोरून येणाऱ्या हवेचा वाटा मोठा ठरतो. थ्रॉटल उघडला की तीच गळती एकूण हवेच्या मानाने नगण्य होते. याच्या उलट, आयडलला ठीक आणि चढावर किंवा जोरात रेस दिल्यावर दम तोडत असेल तर पेट्रोल कमी पडतंय: प्रेशर, फिल्टर, किंवा लहान क्षमतेचे इंजेक्टर. काळा धूर, डोळ्यांना झोंबणारा वास आणि गरम इंजिन चालू व्हायला त्रास, ही पेट्रोल जास्त होत असल्याची लक्षणं.

हे निरीक्षण कागदावर लिहून ठेवा. इंजिन थंड असताना आणि गरम असताना वेगवेगळं लिहा.

तिसरी पायरी: कपलर आणि नळ्या

इंजिन बंद, किल्ली काढलेली. आता जे जे सोडलं होतं ते एकेक करून बोटाने तपासा. इंजेक्टरचे कपलर, काढले असतील तर कॉइलचे कपलर, थ्रॉटल बॉडीचा कपलर, मॅनिफोल्डवरचे सेन्सर, ब्रेक बूस्टरची जाड नळी, प्रेशर रेग्युलेटरची बारीक नळी, क्रँककेसच्या वाफेची नळी, आणि बॉडीला जाणारी अर्थची वायर. नुसतं बघून पुढे जाऊ नका. प्रत्येक कपलर हलका ओढून बघा. लॉक बसलेलं असेल तर तो निघत नाही.

नवखे लोक कपलर बसल्याचा 'टक' आवाज आला की खूश होतात, पण टक आवाज फक्त प्लास्टिकच्या लॉकचा असतो. आतली धातूची पिन मागे सरकलेली असली तरी लॉक टकन बसतं. संशयित कपलर काढा, टॉर्च मारा आणि आतल्या दोन्ही पिना एकाच पातळीवर आहेत का बघा. एक पिन दुसरीपेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर खोल गेलेली दिसली तर सापडला दोष. मागून वायरला हळूच ढकललं की सरकलेली पिन पुढे येते. तिचं आतलं कुलूप तुटलं असेल तर पिन बदलायची.

शेजारशेजारच्या दोन इंजेक्टरचे कपलर एकमेकांत बदलले गेले का, हेही याच वेळी बघा. वायर दोघांनाही पुरते, म्हणून ही चूक सहज होते. आणि ती चटकन लक्षात येत नाही, कारण मॅनिफोल्डमधला इंजेक्टर चुकीच्या वेळी उघडला तरी पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हमागे थांबून राहतं आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर आत जातं. सिलिंडर मरत नाही, इंजिन नुसतं कुरकुरत राहतं. ओळखायची खूण अशी: बहुतेक गाड्यांत सगळ्या इंजेक्टरना एका रंगाची वायर समान असते, ती सप्लायची. दुसरी वायर प्रत्येकाची वेगळ्या रंगाची असते आणि ती ईसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे, जाते. वायरिंगच्या नकाशात कोणता रंग कोणत्या सिलिंडरचा ते बघून पडताळा.

चौथी पायरी: कोड वाचा, पुसू नका

स्कॅनर जोडा आणि जे कोड दिसतील ते लिहून घ्या. बॅटरीची वायर काढून 'रीसेट' करायचा मोह होतो, पण त्याने पुरावाच पुसला जातो. ते काम दोष दूर झाल्यावर करायचं.

पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे मिश्रण नीट पेट न पकडणं. पी ०३०० म्हणजे ठरावीक एकाच सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही अशी मिसफायर. हा कोड हवेची गळती किंवा पेट्रोलचं प्रेशर अशा सगळ्यांना सामाईक कारणाकडे बोट दाखवतो. पी ०२०१ ते पी ०२०४ हे इंजेक्टरच्या विजेच्या सर्किटचे. हे आले तर परत तिसऱ्या पायरीवर जा. पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), पी ०१७२ म्हणजे रिच (पेट्रोल जास्त).

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम दिसत असेल तर ते नक्की बघा आणि लिहून ठेवा. ईसीयू आपल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय, हे तो आकडा सांगतो. शून्याच्या आसपास, साधारण पाच टक्के इकडेतिकडे, म्हणजे ठीक. दहाच्या पुढे गेला की शोध घ्यायचा. आयडलला आकडा अधिक आणि रेस वाढवली की खाली येतो, तर हवेची गळती. आयडलला ठीक पण लोडवर वाढत जातो, तर पेट्रोल कमी पडतंय. सगळीकडे उणे, तर पेट्रोल जास्त: मोठ्या क्षमतेचे इंजेक्टर, ठिबकणारा इंजेक्टर किंवा रेग्युलेटर.

यात एक सापळा आहे आणि चांगले अनुभवी लोकही त्यात अडकतात. एक सिलिंडर पेट पकडत नसेल तर त्याची न वापरलेली हवा एक्झॉस्टमध्ये जाते. ऑक्सिजन सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, त्याला वाटतं मिश्रण लीन आहे, आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. म्हणजे दोष प्लगचा असला तरी आकडा लीनचा दिसतो. म्हणून मिसफायरचा कोड असताना ट्रिमवरून निष्कर्ष काढू नका. आधी मिसफायर सोडवा.

पाचवी पायरी: दोषी सिलिंडर हुडकून काढा

स्कॅनरने नंबर सांगितला नसेल तर जुनी पद्धत वापरा. इंजिन आयडलला ठेवून एका इंजेक्टरचा कपलर काढा, आवाज ऐका, परत लावा, मग पुढचा. चांगल्या सिलिंडरचा कपलर काढला की इंजिन दचकतं आणि आरपीएम पडतो. ज्याचा काढल्यावर काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासूनच मेलेला. पहिल्या एक-दोन सेकंदांतच लक्ष द्या, कारण ईसीयू आयडल लगेच सावरून घेतो. ही चाचणी कॉइलचे कपलर काढून करू नका. ठिणगी बंद आणि पेट्रोल चालू राहिलं तर ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं.

मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या इंजेक्टरवर टेकवा आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा. पंखा, बेल्ट यांच्यापासून केस, कपडे लांब ठेवा. चालू इंजेक्टर स्पष्ट 'टिक टिक टिक' वाजतो. सगळ्यांचा आवाज एकसारखा आणि एकाचा दबका, किंवा मुळीच नाही, तर तिथे वीज पोहोचत नाही किंवा इंजेक्टर जाम आहे. इंजिन बंद करून मल्टिमीटरने दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. साध्या पेट्रोल इंजेक्टरचा तो सहसा १२ ते १६ ओहमच्या आसपास येतो. नेमक्या आकड्यापेक्षा चारही इंजेक्टर एकमेकांच्या जवळपास आहेत का हे जास्त महत्त्वाचं. रेझिस्टन्स ठीक असून टिकटिक नसेल तर कपलरमध्ये टेस्ट लाइट लावून बघा. स्टार्टर मारताना ती लुकलुकायला हवी.

टिकटिक ठीक असेल तर अदलाबदल करून बघायची. आधी कॉइल बदला, ते पाच मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर. मिसफायर कॉइलसोबत सरकली तर इंजेक्टर निर्दोष. नंतर प्लग. इंजेक्टर उपसताना प्लगच्या खोबणीत पेट्रोल किंवा कचरा गेला असण्याची शक्यता असते, आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीला गेलेली केसासारखी चीर टॉर्चशिवाय दिसत नाही. एवढं करूनही दोष तिथेच असेल तरच इंजेक्टर शेजारच्याशी बदला. दोष इंजेक्टरसोबत गेला तर इंजेक्टर खराब. जागेवरच राहिला तर बघायचं ते खालची ओ-रिंग, वायरिंग, कॉम्प्रेशन.

सहावी पायरी: ओ-रिंग आणि चोरून येणारी हवा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक इंजेक्टरला दोन ओ-रिंग असतात. वरची रेलमधलं पेट्रोल अडवते, खालची मॅनिफोल्डमध्ये बाहेरची हवा शिरू देत नाही. वरची बिघडली तर वास येतो, ओल दिसते. खालची बिघडली तर काहीही दिसत नाही, नुसतं इंजिन थरथरतं.

मी शिकत असताना एका चार सिलिंडरच्या गाडीवर असाच अडकलो होतो. इंजेक्टर नवे, कपलर बरोबर, कॉइल बदलून पाहिल्या, आयडलची थरथर जात नव्हती. शेवटी रबराच्या नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं टोक एकेका इंजेक्टरच्या बुडाशी नेलं. दुसऱ्यापाशी बारीक 'स्स्स' ऐकू आलं. इंजेक्टर काढल्यावर खालच्या ओ-रिंगवर नखाच्या कोरीसारखी चंद्रकोर उठलेली दिसली. रबराची पातळ साल कापली जाऊन एका बाजूला लोंबत होती. कोरडी ओ-रिंग मी तिरकी दाबली होती आणि भोकाच्या धारेने ती सोलली गेली होती. तेव्हापासून मी एकही ओ-रिंग कोरडी बसवलेली नाही.

बसवायची पद्धत अशी. भोक टॉर्चने बघा. जुनी ओ-रिंग कधीकधी इंजेक्टरसोबत निघत नाही, भोकातच चिकटून राहते, आणि तिच्यावर नवी बसवली की दोन्ही धड बसत नाहीत. भोक फडक्याने पुसा, कचरा आत पडू देऊ नका. नव्या ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवा. सिलिकॉनचं ग्रीस वापरू नका. सिलिकॉन जळून ऑक्सिजन सेन्सर खराब करतो. इंजेक्टर सरळ धरून, किंचित गोल फिरवत आत दाबा. रेलचे बोल्ट एकदम न आवळता आळीपाळीने थोडे थोडे आवळा. रेलखाली प्लास्टिकचे किंवा धातूचे स्पेसर होते का ते आठवा. ते राहून गेले तर रेल जास्त खाली बसते आणि इंजेक्टर चेपले जातात. शेवटी प्रत्येक इंजेक्टर दोन बोटांनी धरून फिरवून बघा. बऱ्याच रचनांमध्ये तो थोड्या जोराने जागेवर फिरायला हवा. तीन फिरतात आणि एक हट्टाने अडतो, तर त्याची ओ-रिंग चिमटली आहे. काढून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एकदा काढलेली ओ-रिंग परत वापरू नका. अदलाबदल करून बघण्यासाठी म्हणून इंजेक्टर काढला तरी नवी घाला.

गळती कुठे आहे ते शोधायला धुराचं मशीन मिळालं तर उत्तम. धूर जिथून निघेल तीच जागा. नाहीतर वर सांगितलेली नळी. स्प्रेच्या बाटलीतून साध्या पाण्याची बारीक फवार इंजेक्टरच्या बुडाशी मारली तरी गळतीच्या जागी इंजिनचा आवाज बदलतो. कपलर मात्र ओले होऊ देऊ नका. कार्बोरेटर क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत सर्रास चालते, पण गरम एक्झॉस्टजवळ ज्वलनशील फवारा मारायला मी नवख्या माणसाला कधीच सांगणार नाही.

मॅनिफोल्ड काढला होता का? मग त्याचं गॅस्केटही याच यादीत धरा.

सातवी पायरी: इंजेक्टर योग्य आहेत का

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर आता नव्या इंजेक्टरवर संशय घ्या. अंगावरचा पार्ट नंबर जुन्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. दोन इंजेक्टर दिसायला जुळे असले तरी एक मिनिटाला २०० सीसी सोडणारा आणि दुसरा २५० सीसी सोडणारा असू शकतो. फवाऱ्याचा आकारही बघावा लागतो: दोन इनटेक व्हॉल्व्ह असलेल्या सिलिंडरला सहसा दोन धारांत फुटणारा फवारा लागतो. एकाच धारेचा इंजेक्टर बसवला तर पेट्रोल व्हॉल्व्हऐवजी मधल्या भिंतीवर आपटतं आणि थंड इंजिन अडखळतं.

रेझिस्टन्सची गोष्ट तर गंभीर आहे. १२ ओहमच्या इंजेक्टरमधून १२ व्होल्टला १ अँपियर करंट जातो. २ ओहमच्या इंजेक्टरमधून तोच ६ अँपियर होतो. ईसीयूचा ड्रायव्हर (इंजेक्टर चालवणारं सर्किट) जास्त ओहमच्या इंजेक्टरसाठी बनवलेला असेल तर तो जळू शकतो.

चारपैकी एकच इंजेक्टर बदललात का? मग हा हिशेब बघा. एका ऑक्सिजन सेन्सरला चारही सिलिंडरची सरासरी दिसते. नवा इंजेक्टर बाकीच्या तिघांपेक्षा २० टक्के जास्त पेट्रोल देत असेल तर सरासरी ५ टक्क्यांनी वर जाते. ईसीयू सगळ्यांचंच साधारण ५ टक्के कमी करतो. आता तीन जुने सिलिंडर ५ टक्के लीन चालतात आणि नवा १४ टक्के रिच. स्कॅनरवरचा ट्रिम मात्र जवळपास निर्दोष दिसतो! म्हणूनच मळलेल्या तिघांत एक नवा बसवू नये. चारही बदलावेत, किंवा जुने साफ करून चौघांचा फ्लो बेंचवर मोजून जुळवून घ्यावा.

वेगळ्या बनावटीचा इंजेक्टर फक्त आयडललाच का त्रास देतो, हेही समजून घ्या. गरम इंजिनला आयडलला इंजेक्टर दोन ते तीन मिलिसेकंद उघडा ठेवायचा इशारा मिळतो, आणि त्यातला सुमारे १ मिलिसेकंद नुसता सुई उचलण्यात जातो. उघडायला जरा जास्त वेळ घेणारा इंजेक्टर आयडलला बराच मागे पडतो. इशारा दहा मिलिसेकंदांचा झाला की तो फरक विरून जातो. कमकुवत बॅटरीने ही वेळ आणखी वाढते, म्हणून व्होल्टेजही एकदा मोजून घ्या.

आठवी पायरी: प्रेशर आणि कचरा

रेलला गेज लावा. बऱ्याच गाड्यांमध्ये प्रेशर ३ ते ४ बारच्या दरम्यान असतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी असेल तर ती काढून बघा: प्रेशर थोडं वाढायला हवं आणि नळी आतून कोरडी हवी. नळीत पेट्रोल दिसलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे. इंजिन बंद केल्यावर प्रेशर झपाट्याने पडत असेल तर कोणतातरी इंजेक्टर ठिबकतोय किंवा पंपाचा व्हॉल्व्ह पकडत नाही.

पाईप सोडताना आत गेलेला कचरा थेट नव्या इंजेक्टरच्या डोक्यातल्या बारीक जाळीत जाऊन बसतो. काम चालू असताना पाईपची उघडी तोंडं टोपणांनी बंद ठेवायची, ती याचसाठी.

थेट इंजेक्शनची पेट्रोल इंजिनं

इथे रेलमधलं प्रेशर ३-४ बार नसून १५०-२०० बारपर्यंत, काही इंजिनांत ३५० बारपर्यंत जातं. प्रेशर उतरवल्याशिवाय एकही नट सैल करू नका. इंजेक्टरच्या टोकाला टेफ्लॉनची पांढरी किंवा तपकिरी सील असते. ती खास शंकूवरून चढवून, मग नळकांड्यातून दाबून मूळ मापाला आणावी लागते. हे न करता बसवली तर कॉम्प्रेशन गळतं. वर ओ-रिंगला ऑइल लावायला सांगितलं, पण या टेफ्लॉनच्या सीलला लावायचं नाही, कोरडीच बसवायची. आणि हे इंजेक्टर तपासायला थेट बॅटरीचे १२ व्होल्ट देऊ नका; त्यांची कॉइल फार कमी ओहमची असते, ती जळते.

डिझेल कॉमन रेल

इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाईप सैल करून 'कोणता सिलिंडर मेलाय' बघायची जुन्या डिझेलची सवय इथे जिवावर बेतू शकते. १६०० ते २००० बारची धार कातडी भेदून डिझेल शरीरात घुसवते. बाहेरून बारीक ठिपका दिसला तरी तो शस्त्रक्रियेचा मामला असतो, लगेच रुग्णालयात जावं लागतं.

डिझेल इंजेक्टर बदलल्यावर इंजिन ठोकतंय किंवा थरथरतंय, तर पहिला प्रश्न: कोडिंग केलं का? अनेक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरं आणि आकड्यांचा एक कोड कोरलेला असतो. तो इंजेक्टर प्रत्यक्षात किती डिझेल सोडतो, कारखान्यातल्या मोजणीनुसार किती फरक आहे, याची माहिती त्यात असते. तो स्कॅनरने ईसीयूमध्ये त्या त्या सिलिंडरपुढे भरावा लागतो. शून्य आणि 'ओ', आठ आणि 'बी' यांची गल्लत नेहमी होते, म्हणून बसवण्याआधी कोडचा फोटो काढून ठेवा. अदलाबदल करून बघताना इंजेक्टर हलवला तर कोडही त्याच्यासोबत हलवायचा, नाहीतर चाचणीचा निकाल खोटा येतो.

दुसरं, तांब्याचा वॉशर. तो दरवेळी नवा, योग्य जाडीचा, आणि एकच. जुना वॉशर तळाशी चिकटून राहिला असेल तर नवा त्याच्यावर बसतो आणि इंजेक्टरचं टोक मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर राहतं. तळ ब्रशने खरवडून लख्ख करा. कार्बनचा एक कण राहिला तरी सील होत नाही. इंजेक्टरच्या बुडाशी 'फस् फस्' आवाज आणि काही दिवसांनी डांबरासारखा काळा थर दिसला तर कॉम्प्रेशन तिथून बाहेर येतंय. क्लॅम्पचा बोल्ट टॉर्क रेंचनेच, मॅन्युअलच्या आकड्याला आवळा.

कोडिंग आणि वॉशर ठीक असून गाडी चालू व्हायला वेळ घेत असेल तर रिटर्नची चाचणी करा: प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी वेगळ्या बाटलीत सोडा, ठरावीक वेळ इंजिन चालवा आणि बाटल्या शेजारी शेजारी ठेवून बघा. एखादी बाटली इतरांच्या दुप्पट भरली असेल तर त्या इंजेक्टरमधून प्रेशर मागे पळतंय.

दोष मिटल्यावर

आता कोड पुसा. पेट्रोल गाडी असेल तर ईसीयूची जुनी शिकवण स्कॅनरने काढून टाका; मळलेल्या इंजेक्टरसाठी त्याने वाढवून ठेवलेलं पेट्रोल नव्या इंजेक्टरना जास्त होतं. मॅन्युअलमध्ये थ्रॉटलची स्थिती ईसीयूला पुन्हा शिकवायची पद्धत दिली असेल तर ती करा. इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत आयडलला ठेवा, मग वेगवेगळ्या वेगांनी अर्धा तास गाडी चालवा. परत आल्यावर ट्रिम बघा आणि सुरुवातीला लिहून ठेवलेल्या आकड्यांशेजारी लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडून किल्ली ऑनवर न्या आणि प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्याशी पुन्हा एकदा टिश्यू पेपर टेकवून बघा. गरम असताना फुगून घट्ट बसलेली ओ-रिंग थंडीत आक्रसते, आणि रात्रभरात झालेली गळती तेव्हाच दिसते.